हात न टेकता

वन्सं,

काल तुमचं तेरावं झालं. पानं उठल्यावर बायका पदर सावरीत निघाल्या, तेव्हा समोरच्या घरातली दुर्गा माझ्यापाशी घुटमळली. डोळे पुसत म्हणाली की काकू, नणंदेची सेवा करावी तर तुम्ही. चार महिने त्यांना अंथरुणावरून पाय खाली टाकू दिला नाहीत. तुमचं पाहून मीही आता सासूबाईंना हलू देत नाही, पाणीसुद्धा जागच्या जागी देते. ती गेली आणि मी मागच्या ओसरीत जाऊन बसले. खुंटीवर तुमची रेतीची पिशवी अजून तशीच लटकते आहे.

दुर्गा जे बोलली ते धारमधल्या आपल्या ओळखीच्या साऱ्या घरांतून बोललं जात आहे. भावजय असावी तर अशी. तुमच्या भावालाही तसंच वाटतं. खरं काय झालं ते मला ठाऊक आहे, दूध घालणाऱ्या गेंदाबाईला ठाऊक आहे, आणि तुम्हाला होतं. मोडी मला येत नाही. बाळबोध वडिलांनी शिकवली, त्या अक्षरात हे लिहिते आहे. माझ्या अक्षराला तुम्ही हसायच्या, म्हणायच्या की तुझी अक्षरंसुद्धा लंगडतात. हसा.

मी लंगडत होते तेव्हापासूनच सांगते. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं.

भरलेली घागर कमरेवर घेऊन मी विहिरीच्या पायरीवरून घसरले, उजवा गुडघा खाली मुडपला आणि नारळाएवढा सुजला. वैद्यबुवांनी लेप दिला आणि पडून राहायला सांगितलं. सूज पंधरा दिवसांत उतरली, पण मी उठले नाही, मला कुणी उठूही दिलं नाही. एरंडाची पानं गरम करून बांधायची, पायाखाली उशी घ्यायची, आणि कुणी विचारलं की दुखतं म्हणायचं. दुखत होतंच. चार महिने असे गेले. पडल्या पडल्या मला आई दिसायची. धरमपुरीला घाटाच्या पायऱ्या चढून नर्मदेचं पाणी वाहता वाहता तिचे दोन्ही गुडघे गेले, आणि मग शेवटची नऊ वर्षं ती घरभर हातांवर सरपटत फिरली. तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. माझं वय तेव्हा तिशीचं, आणि मी छताकडे बघत माझ्या तळहातांवरून बोटं फिरवून पाहायची.

अशा वेळी तुम्ही देवासहून आलात. आलात त्या स्वयंपाकघर सांभाळायला, असं सगळ्यांना वाटलं. तुम्ही गाठोडं ठेवलंत, हातपाय धुतलेत, आणि वातींसाठी काढलेलं सूत घेऊन माझ्या उशाशी आलात. गुडघ्यावर वीतभर जागा सोडून माझ्या डाव्या मांडीभोवती ते गुंडाळलंत, टोक जुळलं तिथे गाठ मारलीत. मग उजव्या मांडीभोवती. दुसरी गाठ पहिलीच्या चार बोटं अलीकडे पडली. तो दोरा माझ्या तोंडासमोर धरून म्हणालात, "गुडघा बरा होऊन साडेतीन महिने झाले, उमे. आता तुझी मांडी मेली आहे."

मी रडायला लागले. दुसरी कुणी असती तर जवळ बसून पाठीवरून हात फिरवला असता. तुम्ही दोरा हळदीत बुचकळून वाळत घातलात आणि चुलीकडे गेलात.

हे कुठून शिकलात ते मला पुष्कळ उशिरा कळलं. मामंजी देवासच्या तालमीत वस्ताद होते एवढंच मी सून म्हणून ऐकलेलं. त्यांचा मुलगा दफ्तरात कारकून झाला, बसून लिहिणारा, आणि विद्या गेली मुलीकडे. मुलीला तालमीत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. तुम्ही वडिलांसाठी दूध आणि बदाम घेऊन जायच्या आणि लोटा रिकामा होईपर्यंत बाहेरच्या ओट्यावर बसून दारातून बघायच्या. ज्याचा गुडघा फिरला आहे अशा पहिलवानाला मामंजी किती दिवस निजवतात, कोणत्या दिवशी उठवतात, बैठका कधी बंद आणि कधी चालू, हे सगळं तुम्ही लोट्याच्या निमित्ताने पाहिलंत. तुम्ही म्हणायच्या की हळू पितील म्हणून मुद्दाम दूध जास्त तापवून न्यायचे. दहाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी पांढरं कपाळ, आणि मग पुन्हा देवासला चुलत्यांच्या घरात रांधायला. पण ते पाहिलेलं तुम्ही सांडू दिलं नाहीत.

पहिला महिना मी तुमचा द्वेष केला, हे आता सांगायला हरकत नाही. गुडघ्याखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी घालायची, ती गुडघ्याने खाली दाबायची आणि मांडी आवळून धरायची. एवढंच. मला वाटलं, ही काय थट्टा आहे. पण मांडी आवळेचना. मी तिला सांगायची आणि ती ऐकायची नाही, जशी माझी नव्हतीच. किती वेळ धरायचं हे मोजायला आकडे मला कंटाळवाणे होतात म्हटल्यावर तुम्ही म्हणालात की माहेरच्या दहा माणसांची नावं घे, सावकाश, एकेकाची आठवण काढून. दहावं नाव आईचं ठेव. आईच्या नावाशी मांडी थरथरायची आणि तुम्ही म्हणायच्या, "हळू. आईला एवढ्या घाईने सोडतेस?" मला तुमचा इतका राग यायचा की त्या रागावरच मी आणखी थोडी धरायची.

मग रेतीची पिशवी आली. रेती मी माझ्या वडिलांकडून धरमपुरीहून मागवली, कारण इथली तुम्हाला मातकट वाटली. घोट्याला पिशवी बांधायची, बाजेच्या काठावर बसून पाय सरळ करायचा, आणि सोडताना धपकन न सोडता हळूहळू खाली आणायचा. तुमचा सगळा जीव त्या खाली आणण्यात. पाय वर तर कुणीही नेईल म्हणायच्या. त्यानंतर भिंतीला पाठ लावून चौरंगाच्या उंचीपर्यंत घसरायचं आणि पुन्हा वर यायचं. मग ओसरीची पायरी. शेवटी पाटावरून उठायचं, हात न टेकता. ना जमिनीवर, ना गुडघ्यावर. गुडघ्यावर हात दाबून उठणारी बाई दिसली की तुम्ही तोंड फिरवायच्या.

एकदा मी विचारलं की दुखतो गुडघा, आणि तुम्ही माझ्या मांडीच्या मागे का लागलात? तुम्ही भाजी निवडत होतात. म्हणालात की गुडघा म्हणजे घरातली मधली सून. वरची मांडी काही करत नाही, खालची पोटरी काही करत नाही, सगळा भार हिच्यावर, आणि कुरकुरली की हिलाच बोल लावायचा. वरच्या-खालच्या दोघींना कामाला लावा, ही आपोआप गप्प बसेल. मी हसले. पडल्यापासून पहिल्यांदा. आणि मग तुम्ही गंभीर होऊन म्हणालात की पुरुषांना तालीम मिळाली, आपल्याला नुसत्या घागरी मिळाल्या; भार मिळाला पण तो उचलायचं कसब कुणी दिलं नाही.

महिन्याच्या महिन्याला दोरा निघायचा. उजवीची गाठ डावीच्या दिशेने सरकत गेली. त्या पिवळ्या दोऱ्यावर माझ्या सात गाठी आहेत, शेवटची जवळजवळ डावीला टेकलेली. ती पडली त्या दिवशी मी पाटावरून हात न टेकता उठले, आणि तुम्ही फक्त एवढंच म्हणालात की आता पाट उचल.

गेंदाबाईवरून आपलं वाजलं ते त्याच सुमाराचं. गेंदाबाई दूध घालायला यायची, डोक्यावरची चरवी उतरवताना कण्हायची. तुम्ही तिला मागच्या ओसरीत बसवून तिच्या पायाला पिशवी बांधलीत. मला ते रुचलं नाही. विधवा बाई, सोवळं पाळणारी, आणि गवळणीचे पाय हातात घेते; लोक काय म्हणतील. तुम्ही वाद घातला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गेंदाबाईची वेळ तुमच्या अंघोळीच्या आधीची केलीत, म्हणजे सोवळंही राहिलं आणि गेंदाबाईही राहिली. मी मात्र आठ दिवस फुरंगटून होते. तिची चरवी बिनकण्हता उतरू लागली तेव्हाही मी तुम्हाला म्हटलं नाही की तुमचं बरोबर होतं. ते राहिलंच.

देवासला टेकडीवर देवीला गेलो, ते सांगायला पाहिजे. माझा पाय धड झाला म्हणून तुम्ही मला घेऊन गेलात. मला वाटलं नवस असेल. नवस नव्हता, परीक्षा होती. चढताना मी पुढे होते, ऐटीत. वर गेल्यावर तुम्ही ओटी भरायला लावलीत आणि म्हणालात, आता उतरून दाखव. उतरताना प्रत्येक पायरीवर तुम्ही माझ्या एक पायरी खाली, उलट्या, माझ्याकडे तोंड करून. लोक बघत होते. तुमचं लक्ष माझ्या गुडघ्यावर, तो आत वळतो का त्यावर. अर्ध्या वाटेत तुम्ही खाली गावाकडे बोट करून कुठली तालीम ते दाखवलंत, आणि दारातला ओटासुद्धा दाखवलात, जणू तो तिथून दिसत होता. मी म्हटलं, हो दिसला.

नंतरची तेरा वर्षं तुम्ही आपल्याकडेच राहिलात. मी घागरी वाहिल्या, दोन बाळंतपणं निभावली, मांडूला पायी चढून गेले. पावसाळ्यात गुडघा थोडा बोले, मी पिशवी बांधी, तो गप्प बसे. मी सरपटले नाही. वन्सं, मी कधी सरपटले नाही.

आता पुढचं लिहायचं आहे.

मार्गशीर्षात तुम्हाला ताप आला. एकवीस दिवसांनी तो उतरला तेव्हा तुम्ही चिपाडासारख्या झाला होतात. वैद्यबुवांनी जपायला सांगितलं. त्यांनी जेवढं सांगितलं त्याच्या दसपट मी जपलं. का ते तुम्ही ओळखलं असेल, तरी सांगते. जन्मभर तुम्ही कुणा ना कुणाच्या घरात राबलात. पडा, निजा, राहू द्या, असं तुम्हाला कधी कुणी म्हटलं नव्हतं. तुम्ही मला उभं केलंत, आणि त्याची फेड म्हणून मी तुम्हाला निजवणार होते. आपल्या घरांत उपकार फेडायची दुसरी रीत मला कुणी शिकवलीच नव्हती. मोठ्या माणसाच्या हातून काम काढून घ्यायचं, पाणी जागेवर द्यायचं, ताट जागेवर, आणि माणूस उठू लागलं की धावत जाऊन खांदे दाबायचे.

ताप उतरल्यावर आठ दिवसांनी तुम्ही म्हणालात, उमे, मला भिंतीपाशी ने. मी म्हटलं, अंगात त्राण येऊ द्या. दुसऱ्या वेळी तुम्ही स्वतःच उठून बसलात आणि पाय खाली सोडलेत. मी ते उचलून पुन्हा अंथरुणावर ठेवले आणि वर पांघरूण घातलं. तिसऱ्या वेळी तुम्ही जरा कडक झालात.

"तुझे चार महिने विसरलीस?"

"तेव्हा मी तिशीची होते, वन्सं. तुम्ही साठीच्या."

"मांडीला वय विचारून बघ. ती काही निराळं सांगणार नाही."

मी ऐकलं नाही. हसून तुमच्या तोंडात लाडवाचा तुकडा घातला. त्यानंतर तुम्ही कधी म्हटलं नाहीत. मला वाटलं, रमल्या. बायका भेटायला यायच्या, मला वाखाणायच्या, आणि मला ते गोड लागायचं. आज ते लिहिताना लाज वाटते, पण गोड लागायचं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून ऐकायच्या.

फाल्गुनाच्या शेवटी मी विहिरीवर असताना तुम्ही उठलात. मागच्या ओसरीकडे निघाला होतात. उंबरठ्याशी पाय वाकला तो सावरलाच नाही. मी धावत आले तर तुम्ही पडलेल्या, आणि एक हात जमिनीवर टेकून उठायची खटपट करत होतात. तुम्ही हात टेकला होता, वन्सं. मला बघितलंत आणि तो हात उचलून घेतलात.

मग छातीत कफ भरला. आठवा दिवस उजाडला तो शेवटचा. मी तोंडात पाणी घालत होते. तुमचे ओठ हलले म्हणून वाकले. मला वाटलं आता तुम्ही बोलणार, मला जे ऐकायला हवं ते, रागाचं का होईना. तुम्ही म्हणालात, हंडा वाकून उचलू नकोस, आधी बैस, मग मांडीच्या जोरावर उचल. मी म्हटलं, हो. माफी मागायला तोंड उघडलं होतं, आणि त्यातून निघालं फक्त हो.

परवा तुमची पेटी उघडली. दोन आलवणं, जपाची माळ, मामंजींचा लोटा. लोट्यात माझा पिवळा दोरा होता, आणि त्याच्याभोवती गुंडाळलेला एक पांढरा. कोरा, बिनहळदीचा. त्यावरही गाठी होत्या, नऊ. माझ्या दोऱ्यावरच्या गाठी बाहेर सरकत गेल्या होत्या, या आत सरकत गेलेल्या. पहिली आणि नववी यांच्यात माझी पाच बोटं मावली.

गेंदाबाई दूध घालायला आली तेव्हा तिला तो पांढरा दोरा दाखवला. ती तिथेच खाली बसली. मी पुराणाला देवळात गेले की तुम्ही तिला हाक मारायच्या, तिच्याकडून मांडीभोवती सूत धरवायच्या आणि गाठ स्वतः मारायच्या, दर आठ-दहा दिवसांनी. मी तिला विचारलं, अगं, मला का नाही सांगितलंस?

"म्हारे केणो थो, बई," ती म्हणाली, "पण बुआजी ने सोगन दई दी थी. के, वा मन से करी री हे, वीके कई मत कीजे."

तिला सांगायचं होतं, पण तुम्ही शपथ घातलीत की ती मनापासून करते आहे, तिला काही सांगू नकोस. तुम्ही पाय जाताना मोजत होतात, एकेक गाठ, आणि माझं मन मोडू नये म्हणून शपथ घालत होतात. मला तुमचा पुन्हा तसाच राग आला, पहिल्या महिन्यासारखा. का नाही भांडलात? मला चार बायकांत बोलायचं होतंत. दोरा माझ्या तोंडासमोर धरायचा होतात, तसा एकदा धरलाच होतात की. मी पुन्हा रडले असते आणि तुम्ही उभ्या राहिला असतात. मला लहान समजून सांभाळलंत, आणि ते सांभाळणं मला आता जन्मभर उचलायचं आहे. रागाच्या पाठोपाठ हेही कळतं की तुम्ही माझ्यावर माया केलीत ती माझ्याच रीतीने, मी तुमच्यावर केली तशी, आणि आपण दोघी त्यात फसलो.

हे सगळं काल रात्रीपर्यंत असंच पोटात होतं. सकाळी दुर्गाचं बोलणं आठवलं. मीही आता सासूबाईंना हलू देत नाही. माझं पाहून.

मी खुंटीवरची पिशवी काढली, वातीचं सूत घेतलं आणि समोर गेले. दुर्गाच्या सासूबाई, ताईआजी, पांघरूण घेऊन पडल्या होत्या. महिन्यापूर्वी त्या देवळात येत होत्या. मी त्यांच्या दोन्ही मांड्यांभोवती सूत धरलं आणि गाठी मारल्या. मग त्यांना काठावर बसवून पाय खाली सोडायला सांगितलं. दुर्गाचं तोंड उतरलं. काकू, त्या पडतील, हे तुमचं काय चाललंय, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि तिच्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं. तिला वाटत होतं की तिच्या हातातून तिची सेवा कुणी काढून घेतंय.

दोन दिवस गुडघ्याने गुंडाळी दाबणं, दोन दिवस पाय सरळ करणं, असं तुमच्या पद्धतीनेच जाणार आहे. पण आजी हट्टाच्या. भिंत दिसली तशी म्हणाल्या की एकदा उभी तर राहू दे. मी त्यांचा खांदा शेजारच्या भिंतीला लावून दिला, बाज पायांमागे तशीच राहू दिली आणि समोर उभी राहिले, तुम्ही टेकडीवर उभ्या होतात तशी, डोळे त्यांच्या गुडघ्यांवर. म्हटलं, आजी, माहेरच्यांची नावं घ्या, सावकाश. हात टेकू नका. त्या थरथरत वर येऊ लागल्या. पाचव्या-सहाव्या नावाशी त्यांच्या मांड्या हलायला लागल्या आणि दुर्गा पुढे झाली, खांदे धरायला.

मी तिचा हात धरला. तिने हिसकला, तरी सोडला नाही. वन्सं, माझा हात असा कुणीतरी धरायला हवा होता.

आजी नावं घेत होत्या, मीही मनात घेत होते. दहावं नाव आईचं असतं, पण आज तोंडात तुमचं आलं. आजी उभ्या होत्या. मी दुर्गाला म्हटलं, आता बाज मागे घे.